ही काही सांगत नाही रे

दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. साखळीला मावशीकडे जाऊन आम्ही परत डिचोलीला येत होतो, मी आणि बाबा, बाबा पाठीमागे बसलेले. इंजिन बदलल्यापासून बाबा पहिल्यांदाच त्या बुलेटवर बसले होते म्हणून मी मुद्दाम हळू चालवत होतो, गियर टाकताना झटका बसू नये, ब्रेक लावताना त्यांचं डोकं माझ्या हेल्मेटला लागू नये वगैरे. वाळवंटीचा पूल ओलांडला, पुढे स्पीडब्रेकर आला, गाडी त्यावरून धप्पकन उतरली आणि बंद. म्हणजे कार्बोरेटरची गाडी बंद पडते तशी नाही. ती आधी खोकते, अडखळते, दोन धक्के देते, आपल्याला कळतं की आता काहीतरी होणार. हिचं तसं काही नाही, कुणीतरी खोलीतला दिवा बंद करावा तशी बंद. हेडलाइट चालू, हॉर्न वाजतोय, फक्त इंजिन नाही. चावी बंद करून परत चालू केली, टाकीखाली पंपाचा झूंऽऽ आवाज आला, बटण दाबलं, लगेच चालू. दोनशे मीटर गेलो, खड्डा, परत बंद. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा बाबा उतरले. काही न बोलता वाकले, एक हात क्रँककेसवर ठेवला आणि कान टाकीजवळ नेला. "चावी फिरव." झूंऽऽ. "बंद कर. परत फिरव." झूंऽऽ. असं चार वेळा. रस्त्यावरून जाणारे बघत होते, एकाने गाडी थांबवून काय झालं म्हणून विचारलं पण. बाबांचं लक्षच नव्हतं. मग ते सरळ उभे राहिले, हात पँटला पुसला आणि म्हणाले,

"ही काही सांगत नाही रे."

रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर मी विसरून गेलो असतो. आवाजात एक प्रकारची माघार होती, डॉक्टर पेशंटच्या माणसांना बाजूला घेऊन बोलतो ना, तसा आवाज. गाडी त्या रात्री कशीबशी, खड्डे चुकवत, घरी आणली. पण ते वाक्य मला झोपू देईना.

आता बाबांच्या कानाबद्दल सांगायला पाहिजे. बाबांचा स्वतःचा टिपर होता. शिरगावच्या लोहखनिजाच्या खाणीवरून माल भरायचा आणि सारमानसच्या जेटीवर ओतायचा, पुढे तो बार्जने मांडवीतून मुरगावला जायचा. पहाटे पाचला लाइनीत शंभर ट्रक घरघरत उभे असायचे आणि त्या घरघरीतून बाबांना आपल्या ट्रकचा आवाज वेगळा ऐकू यायचा, हे मी लहान असताना स्वतः बघितलंय. कधी संशय आला की ते लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक इंजिनवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटून उभे राहायचे. मग स्क्रूड्रायव्हर चार बोटं पुढे सरकवायचे, परत डोळे मिटायचे. बेअरिंग, टॅपेट, इंजेक्टर, काय असेल ते तिथेच सांगायचे आणि इंजिन उघडल्यावर तेच निघायचं. देवळात भजनाला पेटीवर बसतात तेही असंच, डोळे मिटून. गाणाऱ्याचा स्वर जरा खाली आला की आधी त्यांची भुवई हलते.

बुलेट त्यांनी २०११ ला घेतली. इलेक्ट्रा ट्विनस्पार्क, ३५० सीसी. त्या वेळी बुकिंग करून महिनोन्‌महिने थांबायला लागायचं, आणि आमच्या तालुक्यात तेव्हा जो तो काहीतरी बुक करून थांबलेला होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. सरकारने आधी थांबवल्या, मग ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. मधे परत थोड्या चालू झाल्या आणि मार्च २०१८ ला पुन्हा सगळं ठप्प. टिपर आमच्या अंगणाच्या कडेला इतका काळ उभा राहिला की त्याच्या टायरखालची माती दबून खड्डे झाले होते, पावसात त्यात पाणी साचायचं. शेवटी तो पडेल भावात गेला. बुलेट विकायचा विषय आईने एकदा काढला होता. परत नाही काढला.

मग मी ते इंजिन का बदललं? हा प्रश्न मला बऱ्याच लोकांनी विचारला. सरळ कारण हे की ३५० थकलं होतं. लाख किलोमीटरच्या जवळ आलं होतं, तेल खात होतं, चोर्ला घाट दोघांना घेऊन चढताना तिसऱ्या गियरमधे रडकुंडीला यायचं. रीबोअर करून भागलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्याच वेळी म्हापशाला एकाची रॉयल एन्फील्डचीच क्लासिक ५०० मिळाली, पुढून ठोकलेली, चासी वाकलेली, इंजिन मात्र ठणठणीत आणि कागद सगळे नीट. ५०० चं इंजिन २०२० ला कंपनीने बंदच केलं, बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा, त्यामुळे चांगलं मिळणं आता नशिबाची गोष्ट. आणि खरं सांगायचं तर मला ते करून बघायचंच होतं. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, दोघांचाही ९० मिलिमीटर, फक्त बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७० चा ८४ होतो. उंची तेवढीच, छाती रुंद. कागदावर १९.८ चे २७.२ बीएचपी होतात, पण खरा फरक टॉर्कमधे, म्हणजे ओढायच्या ताकदीत, २८ चा ४१.३ न्यूटन-मीटर, आणि घाटात जी लागते ती हीच गोष्ट. खालचे माउंटिंगचे बोल्ट घासून-पुसून आपापल्या जागी बसले तेव्हा मला वाटलं झालं काम.

कागदांचं काम आधी केलं, हे लिहून ठेवतो कारण बरेच जण करत नाहीत. आरसीवर इंजिन नंबर असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे त्याप्रमाणे असा बदल करायला आधी आरटीओची परवानगी लागते, नंतर जाऊन सांगून चालत नाही. आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवलं नाही तर अपघाताच्या दिवशी काय होईल त्याचा विचार करा. चार महिने फाईल फिरली. नवा नंबर आरसीवर चढेपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढली नाही.

त्या चार महिन्यांत रात्री पडवीत बसून वायरिंग केलं. इंजिन बसवणं हे अंगाचं काम आहे, दोन माणसं आणि एक जॅक असला की होतं. वायरिंग हे नजरेचं काम. जुन्या ३५० ला लागायचं काय, तर कॉइल, स्पार्कचा बॉक्स, बॅटरी, दिवे. पाचशेला कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आणि ते चालवणारा ईसीयू, म्हणजे छोटा कॉम्प्युटर आहे, आणि त्या ईसीयूला सतत कुणीतरी काहीतरी कळवत राहावं लागतं. क्रँक कुठे आहे, थ्रॉटल किती उघडलाय, इनटेकमधे दाब किती, इंजिन किती तापलंय, सायलेन्सरमधून जातोय त्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय. ही सगळी माहिती आल्यावर तो ठरवतो की इंजेक्टर किती वेळ उघडायचा. मी वायर कापून जोडायच्या भानगडीत न पडता दुसऱ्या गाडीचं अख्खं हार्नेस, म्हणजे वायरांचा पूर्ण जुडगा, उतरवून घेतलं आणि बाबांच्या गाडीचे दिवे, हॉर्न, इंडिकेटर त्याच्यावर आणले. तरी चोवीस सांधे झाले. प्रत्येक सांधा सोल्डर, वर स्लीव्ह, वर टेप. दिव्याभोवती पाकोळ्या, सोल्डरच्या फ्लक्सचा वास, बाहेर पाऊस. दोन्हीकडचे कपलर दिसायला सारखे आणि आतल्या पिना वेगळ्या, त्यामुळे मल्टिमीटर लावून एकेक वायर बोलवायची आणि वहीत लिहायची. मी वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, दिवसभर हेच करतो, पण तिथे ड्रॉइंग असतं आणि इथे बाबांची गाडी होती.

टाकीवरून आमचं जरा वाजलं. इंजेक्शनच्या गाडीला पंप टाकीच्या आत असतो, जवळपास ३ बारने पेट्रोल ढकलतो, म्हणजे टाकीच्या बुडाला त्याच्यासाठी मोठं भोक पाहिजे. सोपा मार्ग म्हणजे त्या ५०० ची टाकी बसवणं. बाबा म्हणाले टाकी हीच राहील. तिच्या डाव्या बाजूला गुडघा घासून रंग गेलाय, तिथे आतला प्रायमर दिसतो, बाबांच्या गुडघ्याएवढाच तो डाग आहे. मग टाकी धुऊन, आठवडाभर वाळवून, काठोकाठ पाणी भरून, फक्त वेल्डिंगची जागा वर येईल अशी तिरकी ठेवून वेल्डरने बुडाला रिंग मारली. पाणी का, तर आत पेट्रोलची वाफ जरी उरली तरी टाकीचा बॉम्ब होतो. मी लांब उभा होतो, बाबा वेल्डरच्या शेजारीच.

एवढं सगळं नीट केलं आणि एक छोटी गोष्ट तात्पुरती ठेवली.

बंद पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे, नेली. हा माणूस बाबांना तीस वर्षं ओळखतो, पण इंजेक्शनच्या गाड्याही शिकून घेतल्यात त्याने. मी सांगितलं, चेक इंजिनचा दिवा लुकलुकत नाही, पंप चालतो, स्पार्क आहे, चावी बंद-चालू केली की सुरू होते. त्याने सीट काढली, आत नजर टाकली आणि हसलासुद्धा नाही, फक्त बोट दाखवलं. "पळय. तिका दिसता ती पडल्या."

तिला वाटतं ती पडलीय.

रोल-ओव्हर सेन्सर म्हणतात त्याला. काडेपेटीपेक्षा लहान वस्तू. गाडी आडवी पडली तर पंप आणि इंजिन बंद व्हावं, पडलेल्या गाडीतून पेट्रोल येत राहू नये, मागचं चाक फिरत राहू नये, एवढंच त्याचं काम. आणि एकदा का त्याने पडलो म्हटलं की चावी बंद करून परत चालू केल्याशिवाय ईसीयू ऐकत नाही. तो नीट उभा, घट्ट बसवायचा असतो. त्याचा रबरी माउंट त्या मोडक्या गाडीबरोबरच गेला होता आणि मी सेन्सर सीटखाली हार्नेसलाच केबल टायने बांधून ठेवला होता, ब्रॅकेट करू नंतर म्हणून. पूल ओलांडल्यावर धक्क्याने टाय सरकला आणि सेन्सर ढिला होऊन प्रत्येक धक्क्याला आडवा होऊ लागला. गाडी रस्त्यावर सरळ उभी, वर आम्ही दोघं बसलेलो, आणि ती आत समजून चाललीय की आपण पडलो.

दिवा का नाही लुकलुकला याचा मी नंतर खूप विचार केला. आमच्या प्लांटमधे सेन्सर ४ ते २० मिलिअँपवर बोलतात. टाकी पूर्ण रिकामी असली तरी शून्य नाही पाठवत, ४ पाठवतात. कारण शून्य आलं म्हणजे वायर तुटली. रिकामं आहे असं सांगणं वेगळं आणि काहीच न सांगणं वेगळं, हा फरक कळावा म्हणून ती खालची जागा राखून ठेवलेली असते. गाडीचा थ्रॉटल सेन्सरही तसाच, थ्रॉटल पूर्ण बंद असला तरी थोडे व्होल्ट येतच राहतात. ते पूर्ण गेले की ईसीयू दिवा लावतो. पण माझा रोल-ओव्हर सेन्सर बिघडलाच नव्हता. वायर तुटली नव्हती. तो जिथे होता तिथून जे दिसत होतं ते प्रामाणिकपणे सांगत होता. आडवा होता, आडवं आहे म्हणाला. यात दिवा लावण्यासारखं काय होतं? चूक माझी, आणि माझ्यावर सेन्सर नाही.

मेस्ताने तिथेच अल्युमिनियमच्या पट्टीचा ब्रॅकेट वाकवून दिला, दोन रबरी वॉशर टाकले. वीस मिनिटांचं काम. गाडी त्यानंतर एकदाही तशी बंद पडली नाही.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आवाजावरून हे कळलंच नसतं?" मी म्हणालो, नाही, कुणालाच नसतं कळलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. तसं काही दिसलं नाही. कार्बोरेटर ते वर्तमानपत्रावर उघडायचे, जेट तोंडात धरून फुंकायचे, उजेडाकडे धरून भोकातून बघायचे. ईसीयू काळ्या रेझिनमधे बंद. उघडायची सोयच नाही, फुंकणार कशात. आणि बॅटरी मेली तर किक मारून उपयोग नाही, पंपच उठत नाही, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. बुलेट आणि किकने चालू होत नाही, हे दोनदा विचारून खात्री करून घेतली त्यांनी.

मला खूप वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी चोर्ल्याला चौथ्या गियरमधे सरसर चढणारी ती गाडी मला मनापासून आवडतही होती. दोन्ही खरं आहे. आवाज बदललाय, ते तर आहेच. आधी बाबांची गाडी वळणावर आली की आई चहा ठेवायची. आता मी दारात येऊन उभा राहतो तरी आतून विचारते, कोण आलं? जुनं इंजिन पडवीत फळीवर आहे, पोत्याखाली. बाबा महिन्यातून एकदा प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडतात आणि किक हाताने दाबून चार फेरे फिरवतात, आत गंज धरू नये म्हणून. त्याचं पुढे काय करायचं हे मी विचारलेलं नाही.

मग एका रविवारी मी त्यांना दिवा शिकवला. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो त्याला हिशेब असतो, लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक, बेरीज करायची, जो आकडा येईल तो त्या त्या सेन्सरचा. मी मुद्दाम एकेक कपलर काढत गेलो आणि बाबा समोर स्टुलावर बसून बोटांच्या पेरांवर मोजत गेले. एकदा मी मोजण्यात चुकलो, ते नाही चुकले. मग आतून एक वही आणली. ट्रकच्या ट्रिपांची वही, तारीख, खाण, जेटी, डिझेल, अशा रेघा मारलेली. शेवटची नोंद सप्टेंबर २०१२ ची. त्याच्यापुढचं पान उलटून त्यांनी आकडे लिहिले आणि समोर मराठीत, थ्रॉटल, दाब, तापमान, धूर. "धूर" वाचून मला हसू आलं, पण ऑक्सिजन सेन्सरला दुसरं काय म्हणणार, बरोबरच आहे ते.

हे झालं गेल्या वर्षीचं. यंदा जून लागला, आठ दिवस धो धो पडला. माझी पहिली शिफ्ट, साडेपाचला निघायचं. अजून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगाही वाजला नव्हता. मी रेनकोट चढवून पडवीत आलो, चावी फिरवली, झूंऽऽ झालं, आणि बटणाला अंगठा लावणार एवढ्यात आतल्या खोलीतून, अंधारातून, आवाज आला.

"थांब. परत फिरव."

मी फिरवली.

"उतरलाय," बाबा म्हणाले. "काळी दोनवर वाजायचा, पांढरी दोनवर आलाय. परवापासून येतोय खाली."

मला काही फरक वाटला नव्हता. खरंच नव्हता वाटला, रोज ऐकतो तोच आवाज. पण मल्टिमीटर काढला. बॅटरीवर १२.४. टाकीखाली हात घालून पंपाच्या कपलरवर मोजलं तर ११.६. मधेच कुठेतरी पाऊण व्होल्ट गळत होता. शोधत गेलो तर चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट, त्याच्याखालची तांब्याची टिकली हिरवीगार झाली होती, आपल्याकडची हवा आणि आठ दिवसांचा पाऊस. पॉलिश पेपरने घासून लाल केली, बोल्ट आवळला, वर ग्रीस थापलं. तोवर बाबा दारात येऊन उभे होते, खांद्यावर टॉवेल.

चावी फिरवली. झूंऽऽ. त्यांनी डोळे मिटले.

"हां," म्हणाले. "जा आता, शिफ्ट चुकेल." आणि वही शोधायला आत गेले.